कलाकार : एकच निवडा

ऑफिसात तिला सगळे फॉर्मवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. सात माणसांची, दोन खोल्यांची कंपनी. पुढच्या खोलीतले चौघं वेबसाइटचा दर्शनी भाग करायचे. काय रंग, कुठे चित्र, कशावर बोट ठेवलं की काय उघडतं, ते सगळं त्यांचं, आणि गिऱ्हाईक ‘वा वा’ म्हणायचं तेही त्यांनाच. ही मागच्या खोलीत बसून फॉर्म बनवायची. म्हणजे ज्यातून ती सगळी माहिती आत भरली जाते, ते फॉर्म. जगाला ते कधी दिसत नाहीत. भरणाऱ्याला दिसतात, आणि भरणारा नेमका काही बिघडलं की बनवणाऱ्याची आठवण काढतो.

तिचा हातखंडा होता जोडण्यांमध्ये. आता जोडणी म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. समजा दवाखान्याची वेबसाइट आहे. डॉक्टरची नोंद वेगळी, आजाराची वेगळी. आजाराच्या फॉर्ममध्ये एक चौकट असते. तिथे दोन अक्षरं लिहिली की डॉक्टरांची यादी उघडते, त्यातलं नाव निवडायचं, की तो आजार त्या डॉक्टरच्या पानावर आपोआप जाऊन बसतो. फक्त चौकट बनवतानाच एक खूण करावी लागते : इथे नाव एकच बसणार, की अनेक? एवढीशी टिचभर खूण. फॉर्मवाली प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, “बाकी सगळं मागाहून बदलता येतं, हे तेवढं आधी नीट ठरवा.” लोक मान डोलवायचे आणि रंगांकडे वळायचे.

अशात ते कापडाच्या कारखान्याचं काम आलं. छापील कापड, पडद्यांचं आणि चादरींचं. कारखान्याला पंचाहत्तर वर्षं होत होती. जुन्या सगळ्या नक्षींचे फोटो काढून झाले होते, तीनशे शहाऐंशी, आणि त्यांची वेबसाइट करायची होती. साहेबांनी कारखान्याचं नाव घेतलं आणि फॉर्मवालीच्या हातातला पेन खाली पडला. तिच्या आईनं त्याच कारखान्यात एकोणतीस वर्षं घासली होती, नक्षीच्या खोलीत.

नक्षीच्या खोलीत बाराजणी बसायच्या. चौकटीच्या कागदावर कुंचल्यानं फुलंपानं काढायची आणि मुख्य म्हणजे जोड बसवायचा. कापड लांबच लांब, नक्षी हातभर; ती संपते तिथून पुन्हा सुरू होताना शिवण दिसता कामा नये. सगळी कसोटी तिथे. आणि या बारा बायकांवर एक मास्तर. मास्तर म्हणजे थोरल्या मालकांचे मेहुणे. बायकांनी कागद पुरा करायचा, मास्तरांनी उजव्या कोपऱ्यात सही ठोकायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो यालाच. बायकांना सहीची बंदी होती. का, ते कुणी विचारलं नाही. विचारणारीला दुसऱ्या दिवशी घडी घालायच्या खात्यात पाठवत असत.

पहिल्याच बैठकीला धाकट्या मालकीणबाई आल्या होत्या. गोड बोलणं, हळू आवाज, पाण्याचा पेला ठेवणाऱ्यालाही ‘थँक्यू’. फॉर्मवालीनं धीर करून सांगितलं, “माझी आई तुमच्या नक्षीच्या खोलीत होती.”

“अय्या, हो का? किती छान!” मालकीणबाई म्हणाल्या.

“तिला सगळं आठवतं. कुठली नक्षी कुणी काढली ते ती सांगू शकेल. फॉर्ममध्ये कलाकाराची चौकट ठेवते मी.”

“ठेवा ना, नक्की ठेवा,” मालकीणबाई म्हणाल्या आणि फोनवर काहीतरी बघू लागल्या. बाई ‘हो’ म्हणाल्या एवढंच फॉर्मवालीनं ऐकलं. आपल्याला हवं तेच ऐकू येण्याचा आजार शहाण्यासुरत्या माणसालाही होतो.

तिनं चौकट बनवली. ‘कलाकार’. खूण केली ‘अनेक’वर, कारण काही नक्षी दोघीदोघींनी मिळून काढलेल्या असणार. आणि आईसाठी आपल्याच लॅपटॉपवर फॉर्म उघडून दिला, अक्षरं बोटाएवढी मोठी करून.

आईचं वय चौऱ्याहत्तर, आणि डोळ्यांची तऱ्हा विचित्र झालेली. एक डोळा गेल्यातच जमा. दुसऱ्याला कडेचं दिसायचं, मधलंच दिसायचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वर्षभर तरी पुरेल की नाही सांगता येत नाही, जे वाचायचं-बघायचं ते करून घ्या. आईनं मग मान तिरकी करून बघायची युक्ती काढली होती. तशी तिरकी मान करून ती रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं वही काढली.

“वही कशाला?” फॉर्मवालीनं विचारलं.

“आधी लिहिते, मग तुझ्या त्याच्यात घालते. कच्चं असावं बाई माणसाजवळ.”

“दोनदा डोळे कशाला शिणवतेस? सरळ इथेच टाक. वही हरवेल, भिजेल. इथे टाकलेलं कधी हरवत नाही.”

आईनं वही मिटून ठेवली. लेक याच कामाची, तिचं का ऐकू नये?

साडेपाच आठवडे चाललं ते. लेक कामावरून आली की आईचा दिवसाचा हिशेब सुरू व्हायचा. “आज घाईबाईच्या बारा सापडल्या. अगं, काय हात होता तिचा! पण जोड आला की घाई करायची. बघ, ही वेल इथे कशी दचकल्यासारखी वळलीय.” घाईबाई, सुस्कारे, उंचबाई, दोघी बहिणी, पाकळी. आईच्या तोंडी ही टोपणनावं. फॉर्ममध्ये मात्र तिनं एकेकीचं पूर्ण नाव घातलं, सासरचं आणि माहेरचंही. “माहेरचं कशाला?” लेकीनं विचारलं, तर म्हणाली, “चित्र काढायला ती माहेरीच शिकली होती, सासरी नाही.”

एखादी नक्षी अडली की आई तिला दोनदोन दिवस सोडायची नाही. तिरक्या मानेनं जोड शोधायची. उंचबाई जोड पानाच्या टोकाला संपवायची, पाकळी दोन फुलांच्या मधे, आणि आई स्वतः देठाखाली असा दडवायची की तिचा तिलाच सापडेना. “मेली लबाड होते मी,” म्हणून हसायची. उंचबाई अजून हयात होती, दुसऱ्या गावी, मुलाकडे. तिला आईनं फोन करून सांगितलं, “तुझी एकेचाळीस निघाली! नाव लागलंय तुझं, जगात कुठूनही दिसेल म्हणे.” पलीकडून उंचबाई काय बोलली कोण जाणे, आई नाक ओढत फोन ठेवून उठली.

शेवटी सगळ्या नोंदी झाल्या. जोडण्या चारशे एकतीस. आईच्या एकटीच्या चौऱ्याण्णव. आणि मास्तरांच्या सहा.

“सहा तरी कशाला दिल्यास?” फॉर्मवाली म्हणाली.

“त्यांच्याच आहेत. आणि चांगल्या आहेत हो. आळशी होता तो माणूस, अडाणी नव्हता.”

लेकीनं आईचं पान उघडून दाखवलं. वर नाव, खाली ओळीनं चौऱ्याण्णव चित्रं, फॉर्मनं आपोआप आणून मांडलेली. आई मान तिरकी करून खालीखाली जात राहिली. मग म्हणाली, “एवढी? मला वाटलं, साठेक असतील.” आणि चष्मा पुसायला घेतला. त्या दिवशी तिनं तीनदा चष्मा पुसला.

आठवड्यानं मालकीणबाई आल्या. या वेळी फोन पर्समध्ये होता. पडद्यावर मास्तरांचं पान होतं.

“फक्त सहा?” त्यांनी विचारलं. आवाज तोच, हळू आणि गोड. “बघा, समारंभात मास्तरांच्या नावानं दालन उघडतोय आम्ही. घरचे सगळे असणार. त्यांच्या पानावर सहा आणि कामगार बायकांच्या पानावर चौऱ्याण्णव, हे कसं दिसेल?”

खरं आहे तसं दिसेल, असं फॉर्मवालीच्या अगदी ओठांवर आलं. ती म्हणाली, “पण मॅडम, नोंदी खात्रीच्या आहेत.”

“तुमच्या आईंचा मला आदर आहे. खरंच. त्या सगळ्यांसाठी आपण एक छान पान करू, ‘आमचा परिवार’, त्यावर ग्रुप फोटो. पण कलाकार एकच. मास्तर. आणि नुसतं झाकून ठेवू नका हं, मागेही काही नको. उद्या कुणी उकरून काढायचं आणि आम्ही निस्तरत बसायचं.”

त्या गेल्यावर ती साहेबांच्या टेबलाशी गेली. म्हणाली, “सर, हे बरोबर नाही.”

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि समजुतीनं सांगितलं, “हे बघ, दुसऱ्या कुणाची आई असती तर तुझं ऐकलं असतं मी. पण ही तुझी आहे. उद्या त्या म्हणतील, कंपनीनं आमच्या कामात आपलं घरचं घुसडलं. काय उत्तर देऊ? पाचपर्यंत करून टाक.”

आता इथे कुणी म्हणेल, तिनं नोकरी फेकायला हवी होती. म्हणणाऱ्याचं काय जातं! या नोकरीआधी ती आठ महिने घरी बसून होती. त्या आठ महिन्यांत आईसमोर हात पसरताना तिला काय वाटायचं, ते तिचं तिला ठाऊक. ती जागेवर येऊन बसली, पाणी प्यायली आणि फॉर्म उघडला.

कलाकाराच्या चौकटीवरची खूण तिनं ‘अनेक’वरून काढून ‘एकच’वर केली. लगेच पाटी आली : ‘या बदलामुळे आधीच्या ४३१ जोडण्या पुसल्या जातील. पुढे जायचं?’ ती पाटीही तिनंच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी, कुणी नकळत घोटाळा करू नये म्हणून. खाली दोन बटणं. तिनं ‘पुढे’ दाबलं. मग तीनशे शहाऐंशी नोंदी एकदम निवडल्या आणि सगळ्यांना मास्तरांचं नाव लावलं. मग अकरा बायकांच्या आणि आईच्या नोंदी काढून टाकल्या. साडेपाच आठवड्यांचं काम. पुसायला चार मिनिटंही लागली नाहीत. पाचला अजून चाळीस मिनिटं बाकी होती.

तसा एक आधार तिनं मनाशी धरला होता. कंपनीच्या यंत्रावर रोजची नक्कल आपोआप निघते आणि दहा दिवस राहते. कालची नक्कल आपण गुपचूप घरी उतरवून घेऊ, आईचं काम आपल्यापाशी राहील, पुढे कधी कुठे तरी मांडू. बेत चांगला होता. पण गिऱ्हाइकाचा माल घरी नेला तर कंपनी हाकलून देते, म्हणून पहिले दोन दिवस ती घाबरली. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत कोणीतरी सारखं येत-जात होतं. मग समारंभाची धावपळ. मग शनिवार-रविवार. मग म्हणाली, उद्या. काम बुडवायचं असलं की माणसाला कारणांचा तोटा नसतो, आणि तिची एकूण एक कारणं खरी होती. अकराव्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं तेव्हा नक्कल गेलेली होती.

आईला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. “वेबसाइट कधी दिसणार गं?” आई विचारायची. “वेळ आहे अजून,” ती म्हणायची आणि जेवत्या पानावरून उठायची. समारंभाचं बोलावणं अर्थातच आईला आलं नाही, आणि समारंभ होऊन गेला हेही तिला कळलं नाही. मूग गिळून बसायचं म्हटलं की तेही अंगवळणी पडतं. एक मात्र राहून गेलं. ज्या नावानं आई फॉर्म उघडायची, ते नाव बंद करायला फॉर्मवाली विसरली.

तो रविवार होता. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले म्हणून ती दुकानात गेली होती. परत आली तर दार नुसतंच लोटलेलं, आणि आई टेबलाशी बसलेली. समोर लॅपटॉप. दोन्ही हात मांडीवर, एकात एक धरलेले.

“माझ्या हातून काहीतरी झालं गं,” आई म्हणाली.

फॉर्मवाली दारातच थांबली.

“दोनशे अकरा नंबर. परवापासून डोक्यात होतं. ती मी माझ्या नावावर घातली, पण तिचा जोड पानाच्या टोकाला होता. म्हणजे उंचबाईची ती. दुसरीचं आपल्या नावावर नको, म्हणून म्हटलं तू यायच्या आत दुरुस्त करून टाकते. उघडलं, तर तिथे मास्तरांचं नाव. मला वाटलं मला दिसत नाहीये. पुसायला गेले, दाबलं काहीतरी. मग पुढची उघडली, तिथेही तेच. सगळीकडे तेच. यादीत आता एकच नाव येतंय बघ. एक काढायला गेले आणि सगळ्याजणी पुसून टाकल्या मी.”

“आई…”

“तुझं काम बिघडलं का गं? साहेब ओरडतील तुला? माझं नाव सांग हवं तर. म्हातारी आहे, दिसत नाही, तिनं हात लावला म्हणून सांग.”

हाच तो क्षण. एवढंच म्हणायचं होतं : तू नाही, मी. तीन शब्द. फॉर्मवालीनं तोंड उघडलं. आईची मान तिरकी झालेली, लेकीचा चेहरा कडेनं पकडायला बघत होती. मधलं काही तिला दिसत नव्हतंच.

“परत आणता येतं ना पण?” आई म्हणाली. “तू म्हणाली होतीस, इथे टाकलेलं कधी हरवत नाही.”

“नाही येत, आई,” ती म्हणाली. तेवढं खरं होतं. पुढचं खोटंही तितक्याच सहज बाहेर आलं. “असू दे. होतं असं. साहेब नाही ओरडणार.”

“मग पुन्हा भरू?” आईनं लॅपटॉप जवळ ओढला. एक नक्षी मोठी केली, मान इकडे केली, तिकडे केली. पुष्कळ वेळ बघितलं. मधल्या दिवसांत तो डोळाही आणखी विझला होता. “नाही गं,” शेवटी ती म्हणाली. “आता जोडच सापडत नाही.” आणि लॅपटॉप मिटला.

फॉर्मवाली थेंबांची बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. काही काम नव्हतं तिथे. नळ सोडला, बंद केला. बाहेर आई फोनचे आकडे चाचपत दाबत होती, मग तिचा आवाज आला.

“अगं, मी बोलतेय. हो. नाही, बरी आहे. एक सांगायचं होतं, रागावू नकोस. ती तुझी नावं मी पुसली गं. तुझी, घाईबाईची, सगळ्यांची. चुकून. दिसत नाही ना आता. नाही, परत नाही येत, लेकीला विचारलं मी. तिनं एवढं बनवून दिलं होतं बिचारीनं, आणि मी… हो. हो, आहे ना, आतच आहे.”

मग आईनं हाक मारली. फॉर्मवाली बाहेर आली. आईनं फोन पुढे केला. “तुझ्याशी बोलायचंय तिला.”

तिनं फोन कानाला लावला. उंचबाईचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. म्हातारा, घोगरा, घाईघाईचा आवाज, आपलं बोलणं आईला ऐकू जाऊ नये म्हणून मुद्दाम दाबलेला.

“बाळ, आईला काही बोलू नकोस हं,” उंचबाई म्हणाली. “तिनं मुद्दाम नाही केलं.”

आई समोरच उभी होती, मान तिरकी करून.

“नाही बोलणार,” फॉर्मवाली म्हणाली.